खिंड उतरल्यावरचं पहिलं घर

दर बुधवारी साडेबाराच्या सुमाराला फिनबार क्रोटीची छोटी बस हीली खिंडीची वळणं उतरायची आणि ब्रीडा लाउनीच्या अंगणात येऊन थांबायची. मे ते सप्टेंबर हा नेम, आणि असे नऊ उन्हाळे. बसमध्ये माणसं आठ, फार तर दहा. कुणी जर्मन, कुणी कॅनेडियन, कुणी इंग्लंडमधलं निवृत्त जोडपं. खिंडीच्या वळणांनी त्यांचे चेहरे पांढरे पडलेले असायचे. ब्रीडाच्या स्वयंपाकघरात शिरून ताज्या पावाचा वास नाकात गेला की रंग परत यायचा.

याची सुरुवात झाली ती एका म्हाताऱ्या बाईला बस लागली म्हणून. त्या दिवशी फिनबारने खिंड उतरल्यावरच्या पहिल्या घराचं दार ठोठावलं आणि पाणी मागितलं. ब्रीडाने पाणी दिलं, मग चहा दिला, मग नुकताच भट्टीतून काढलेला सोड्याचा पाव कापला. पुढच्या बुधवारी तो पुन्हा दारात उभा. टोपी हातात. म्हणाला, “आज सगळे ठणठणीत आहेत. तरी पाव मिळेल का?”

तेव्हापासून सूप, पाव, घरचं लोणी आणि रूबार्बच्या आंबट देठांचा टार्ट हे बुधवारचं जेवण ठरून गेलं.

ब्रीडाची आई अकरा वर्षं माडीवरच्या खोलीत पडून होती. तीन भावंडं बॉस्टनला गेलेली. थोरला भाऊ जेर डोंगरावर मेंढ्यांमागे असायचा आणि घरात आला की मेंढ्यांइतकंच बोलायचा. आई गेली आणि तिच्या चादरी धुऊन वाळत घालताना ब्रीडाच्या लक्षात आलं, की आपण अठ्ठेचाळीस वर्षांच्या झालो. मधली वर्षं कुठे गेली ते काही तिला सांगता आलं नसतं. त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात बस आली.

फिनबार कॉर्क शहरातला. आधी शाळेत इतिहास शिकवायचा. उंच, खांद्यात जरा वाकलेला, आवाज मात्र भरदार. जेवणं झाली की पाहुणे ओढ्याकडे जायचे, मेंढ्यांचे फोटो काढायचे, आणि फिनबार बाह्या सारून तिच्या शेजारी उभा राहायचा. ती ताटल्या धुवायची, तो पुसायचा. पहिली ताटली हातात घेतली की ठरलेलं वाक्य यायचं, “ब्रीडा, तुमच्या फडक्याला भोकं पडलीत, का भोकांना फडकं लावलंय?” आणि तीही दर वेळी हसायची. मग इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं. कुणाची गाय व्याली, बसमधला कोण किती चौकस आहे, कुठला किल्ला यंदा दुरुस्तीला काढलाय.

तिसऱ्या वर्षी त्याने बायकोबद्दल सांगितलं. इता तिचं नाव. वय काही फार नव्हतं, पण आठवण गेलेली. कॉर्कमधल्या एका शुश्रूषागृहात ठेवलं होतं. दर रविवारी फिनबार भेटायला जायचा आणि दर रविवारी ती उठून हात पुढे करायची, म्हणायची, “मी इता. आपण?”

“मग तुम्ही काय म्हणता?” ब्रीडाने विचारलं.

“नाव सांगतो. ती म्हणते, छान नाव आहे.”

त्या दिवशी ब्रीडाने एकच ताटली दोनदा धुतली. त्यानंतर त्या दोघांमध्ये जे काही होतं त्याला नाव द्यायचा प्रश्नच उरला नाही. बुधवार यायचा, ताटल्या धुतल्या जायच्या, बस जायची. दिवस मागे पडत होते.

इता गेल्या नाताळात वारली. ब्रीडाने चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना सांगितली आणि रीतीप्रमाणे त्याचं कार्ड फिनबारला पाठवलं. अंत्ययात्रेला जावं असं फार वाटलं होतं. पण तीन तासांचा रस्ता, जेर सर्दीने पडलेला, आणि लोक काय म्हणतील हेही होतंच. गेली नाही. ते तिला पुढे फार दिवस टोचत राहिलं.

मार्चमध्ये फिनबारचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम म्हणाला, “ब्रीडा, यंदापासून कंपनीने जेवणाची जागा बदललीय. गावातल्या नव्या कॅफेत. माझ्या हातात नाही हे.”

“काही हरकत नाही,” ब्रीडा म्हणाली.

“मला वाटलं, मीच सांगावं.”

“बरं केलंत. काही हरकत नाही.” आणि तो आणखी काही बोलणार तोच तिने फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र हात तिथेच राहिला.

मे महिना आला. पहिल्या बुधवारी तिने सवयीने मोठं पातेलं चुलीवर चढवलं. साडेबाराला वरून घरघर ऐकू आली. बस वळणावरून खाली आली, अंगणासमोर आली, एकदा हॉर्न वाजला आणि निघून गेली. जेरने तीन दिवस तेच सूप खाल्लं. चौथ्या दिवशी म्हणाला, “आज आणखी एखादी बस येणार आहे का? नाही, एवढं उरलंय म्हणून विचारलं.”

पुढे ती पातेलं चढवायची नाही. पण साडेबाराला खिडकीत उभी राहायची. रस्ता तिथे जरा सरळ आहे. बस दिसायची, हॉर्न वाजायचा, संपलं.

जुलैत एकदा ती दुकानात साखर आणायला गेली. दुकानाचा आणि टपालखिडकीचा कारभार आयलीनकडे, आणि आयलीनच्या तोंडात तीळ भिजत नसे. साखर तोलता तोलता ती म्हणाली, “तुझा तो बसवाला चालला म्हणे.”

“माझा कसला?”

“बरं बाई, कंपनीचा. ऑक्टोबरात कॅनडाला चाललाय. मुलगी आहे ना तिकडे, हॅलिफॅक्सला. कायमचाच. तुला बोलला नाही?”

“बोलला असेल,” ब्रीडा म्हणाली आणि साखर तिथेच ठेवून घरी आली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अंडी गोळा करून झाल्यावर तिने कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. चार दिवसांच्या सहलीत एक जागा हवी म्हणाली. सप्टेंबरातली एक जागा होती. नाव विचारलं तेव्हा तिच्या तोंडून आईचं माहेरचं आडनाव निघालं. ब्रीडा क्रोली.

जेरने ऐकून घेतलं. चहाचा घोट घेतला. “म्हणजे आपलाच डोंगर बघायला तू तिकीट काढणार.”

“दुसऱ्या बाजूने बघणार आहे.”

“दुसऱ्या बाजूला पण दगडच आहेत.” मग जरा वेळाने, “कोंबड्यांना मी घालीन दाणे. तू जा.”

सोमवारी सकाळी कॉर्कमध्ये नदीच्या धक्क्यावर बस उभी होती. ब्रीडाने केस कापून घेतले होते, अंगात निळा कोट होता. एप्रनशिवाय तिला स्वतःचीच ओळख पटेना. फिनबार यादी घेऊन एकेक नाव वाचत होता. “ब्रीडा क्रो–” इथवर वाचून त्याने वर पाहिलं. मग यादीकडे पाहिलं. मग पुन्हा वर.

“क्रोली?”

“आईकडचं.”

“तुम्ही कुणाला सोडायला आलात का?”

“नाही. तिसऱ्या रांगेतली खिडकी माझी, असं तुमच्या ऑफिसातली पोरगी म्हणाली.”

तो कानांपर्यंत लाल झाला. मागे सात माणसं सामान घेऊन खोळंबली होती. “मग चढा,” एवढंच तो म्हणाला आणि तिची बॅग त्याने उगाचच दोनदा इकडून तिकडे ठेवली.

तिच्या शेजारी टिनेके नावाची हॉलंडची बाई आली. सत्तरीची, गुडघे दुखणारी, पिशवीत चॉकलेटं बाळगणारी. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. “चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं याच सहलीला आलो होतो,” ती म्हणाली. “तेव्हा खिडकी त्याने घेतली होती. भांडलो होतो आम्ही खिडकीवरून.” ब्रीडाने लगेच तिला खिडकी देऊ केली. “नको,” टिनेके म्हणाली, “मला आता या बाजूची सवय झालीय.”

ब्रीडाने फिनबारला नऊ वर्षं पाहिलं होतं, पण काम करताना कधीच नाही. बस चालवत तो बोलत होता, आणि शाळेत घोकलेल्या गोष्टी पुन्हा नव्याने तिच्या कानावर पडत होत्या. बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडला तेव्हाची गोष्ट सांगताना त्याने आवाज चढवला नाही. सरकारने पोटात अन्न नसलेल्या माणसांकडून दगड फोडून घेतले, रस्ते करवून घेतले, त्यातले काही कुठेच जात नाहीत, डोंगरात जाऊन संपतात, एवढंच सांगितलं आणि मग मैलभर गप्प राहिला. ब्रीडाला एकदम त्याचा अभिमान वाटला, आणि अभिमान वाटायचा आपला काय हक्क, हेही लगेच वाटलं. तो अधूनमधून समोरच्या आरशात बघायचा. तो बघायला लागला की ती खिडकीबाहेर बघायची.

मंगळवारी दुपारी स्नीमच्या अलीकडे बस एका पिवळ्या घरासमोर थांबली. इथे चहा. घर टेस नावाच्या बाईचं. पन्नाशीची, भरल्या अंगाची, हसली की खांदे हलणारी. टेबलावर स्कोनचे गरम छोटे पाव, मुरंबा, साय. ब्रीडाने स्कोन मोडून पाहिला. चांगला झाला होता. तेही तिला आवडलं नाही.

चहा झाल्यावर सगळे बागेत गेले. ब्रीडा हात धुवायला म्हणून आत वळली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थबकली. टेस कप धुवत होती. शेजारी बाह्या सारून फिनबार उभा होता.

“टेस, तुझ्या फडक्याला भोकं पडलीत, का भोकांना फडकं लावलंय?”

टेस खांदे हलवत हसली.

ब्रीडा आल्या पावली मागे फिरली, बागेत जाऊन एका फुलझाडासमोर उभी राहिली. कुठलं झाड, काही दिसत नव्हतं. सत्तावन्न वर्षांची बाई, मनातल्या मनात मांडे खात नऊ वर्षं काढली, असं ती स्वतःला म्हणाली. बुधवार तिचा, मंगळवार टेसचा. सोमवारही कुणाचा तरी असेल. उद्या घरावरून बस जाईल तेव्हा उतरायचं, बॅग घ्यायची आणि दार लावून घ्यायचं.

संध्याकाळी केनमेअरला मुक्कामाच्या हॉटेलात तिने डोकं दुखतंय सांगितलं आणि जेवायला खाली गेली नाही. टिनेके वर सूप घेऊन आली. ब्रीडाने ते अर्धं प्यायलं. दुसऱ्याच्या हातचं सूप पिऊन किती वर्षं झाली, ते तिला आठवेना.

बुधवारी आकाश स्वच्छ होतं. बस खिंडीच्या माथ्यावर थांबली. इथून दोन्हीकडे उतार. मागे केरी जिल्हा, पुढे कॉर्क जिल्हा, खाली बँट्रीचा उपसागर शिशासारखा पसरलेला. बाकीचे खडकांवर चढून फोटो काढायला लागले. ब्रीडा आणि टिनेके कठड्यावर बसल्या.

“इथून खाली गेलं की एक घर होतं,” टिनेके म्हणाली. “जेवायला थांबलो होतो आम्ही. माझ्या नवऱ्याने टार्टचे तीन तुकडे खाल्ले. घरी मी अर्धाच द्यायचे त्याला, साखरेमुळे. त्या बाईने काही विचारलं नाही, नुसती वाढत गेली.”

ब्रीडाने तिच्याकडे पाहिलं. टिनेकेला ओळख पटली नव्हती. एप्रन आणि लांब केस यांच्याखाली बाईचा चेहरा कोण बघतं?

“या माणसाने,” टिनेकेने फिनबारकडे हनुवटी दाखवली, “इथपासून घरापर्यंत तिच्याबद्दलच सांगितलं. ती आईचं कसं करायची, लोणी कसं घुसळते, मेंढीचं पोर चुलीपाशी घेऊन कशी बसते. आम्हाला वाटलं, चर्चमध्येच चाललोय की काय. पाय पुसून आत गेलो. आणि मग म्हणाला, या वळणांवर आलो की दर वेळी जीव घशाशी येतो, रस्ता फार वाईट आहे. माझा नवरा माझ्या कानात म्हणाला, रस्त्याला कशाला दोष देतोय हा?”

ती हसली. मग तिने चॉकलेटचा कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि डोळे पुसले. नवरा आठवला होता. ब्रीडाने तिचा हात धरला. स्वतःचे डोळे पुसायला तिच्याकडे मोकळा हात राहिला नाही.

बस उतरायला लागली. एक वळण, दुसरं, अकरावं. ब्रीडाने या रस्त्याने शेकडो वेळा प्रवास केला होता, पण खिडकीला नाक लावून कधी नाही. मग रस्ता सरळ झाला आणि घर आलं. केवढंसं होतं! पांढरा गिलावा, निळं दार, दोरीवर जेरचा सदरा उलटा टांगलेला. स्वयंपाकघराची खिडकी काळी, मोकळी. हॉर्न वाजला. घर मागे गेलं. मनात एक ते आठ मोजेपर्यंत सगळं संपलं होतं.

मे महिन्यापासून दर बुधवारी फिनबारला एवढंच मिळत होतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

“अहो!” टिनेके जागेवरून अर्धी उठली. “तेच घर! तो टार्ट! थांबणार नाही आपण?”

“यंदापासून नाही,” फिनबार म्हणाला.

“का? ती बाई गेली का हो?”

“नाही,” फिनबार म्हणाला. “बाई आहे.” आणि त्याने आरशात पाहिलं. या वेळी ब्रीडाने खिडकीकडे तोंड फिरवलं नाही. थांबवा, मला उतरायचंय, हे जे वाक्य तिने आदल्या दिवशी तयार केलं होतं, ते तिला आठवलंसुद्धा नाही.

गावातल्या कॅफेत ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं होतं. गरम सँडविच, कागदी कपात चहा. फिनबार बंदराकडच्या खिडकीशी एकटाच बसला होता. ब्रीडा ट्रे घेऊन त्याच्या समोर जाऊन बसली.

“टेसच्या फडक्यालाही भोकं आहेत, हे मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

तो हसला नाही. “मला विनोद पंधराच येतात, ब्रीडा. सगळीकडे तेच वापरतो.” सँडविच त्याने बाजूला सारलं. “टेसकडे चार कप पुसतो आणि बाहेर येतो. बस वेळेवर निघते. तुमच्याकडून मात्र दर बुधवारी वीस मिनिटं उशीर. ऑफिसने विचारलं की सांगायचो, खिंडीत मेंढ्या आडव्या आल्या.”

“नऊ वर्षं?”

“नऊ वर्षं मेंढ्या. गेल्या वर्षी नवा साहेब आला. त्याने सगळे कागद काढले, म्हणाला, या थांब्यावर दर वेळी उशीर होतो, थांबाच बदला. माझ्यामुळेच गेलं ते.”

ब्रीडा कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. बाहेर एका मच्छीमार बोटीवरून बर्फ खाली ओतत होते, त्याचा खडखडाट आत येत होता.

“कॅनडाला जाणार म्हणे.”

“तिकीट काढलंय. ऑर्ला एकटी पडलीय तिकडे. जुळी झालीत तिला, नवरा महिनोन्‌महिने बोटीवर. म्हणाली, बाबा, या. मी येतो म्हटलं.” तो थांबला. “इता होती तोवर काही बोलणं बरं नव्हतं. इता गेली, तर थांबाही गेला, तुमच्या दारी थांबायला निमित्तच राहिलं नाही.”

“निमित्त?” ब्रीडाचा आवाज वर गेला. पलीकडच्या टेबलावरच्यांनी पाहिलं. ती खाली वाकून म्हणाली, “हॉर्न वाजवायचास ना दर बुधवारी? मग पाय ब्रेकवर का नाही ठेवलास?”

“मागे आठ माणसं बसलेली असायची.”

“मी खिडकीत उभी असायचे.”

“दिसायचीस मला,” फिनबार म्हणाला.

मग टिनेके ट्रे घेऊन आली, इथला टार्ट म्हणजे नुसता पुठ्ठा आहे म्हणाली आणि त्यांच्याच टेबलावर बसली. दोघांनी तिला आग्रहाने जागा करून दिली, इतका की ती चकित झाली.

गुरुवारी दुपारी सहल कॉर्कला संपली. लोक एकमेकांचे पत्ते घेत होते. टिनेकेने ब्रीडाला मिठी मारली आणि कानात म्हणाली, “टार्टची कृती पाठव मला. काल संध्याकाळी ओळखलं मी तुला. पाव कापताना तू तो छातीशी धरतेस.”

ब्रीडाच्या गाडीला अडीच तास होते. फिनबारने विचारलं, काय बघायचंय, चर्च, बाजार, तुरुंग? ती म्हणाली, “तुझं स्वयंपाकघर.”

घर चढणीवर होतं, उभ्या गल्लीत. आत खोकी रचलेली. भिंतीवर जिथे तसबिरी होत्या तिथे फिकट चौकोन. स्वयंपाकघरात एक टेबल, दोन खुर्च्या, एक तवा एवढंच बाहेर राहिलं होतं. ब्रीडा सवयीने केटलीकडे गेली.

“बस तिथे,” फिनबार म्हणाला. “माझं घर आहे हे.”

ती बसली. बसणं इतकं अवघड असतं हे तिला ठाऊक नव्हतं. त्याने अंडी फोडली, एकाचं कवच आत पडलं, ते चमच्याने काढायला गेला आणि बलक फुटला. पाव करपला. ती हात मांडीखाली घालून बसली. त्याने ताटली समोर ठेवली. तिने सगळं खाल्लं, करपलेलं सुद्धा.

“येतेस?” त्याने विचारलं. तो अजून उभाच होता.

“जेर–” ती म्हणाली आणि थांबली. आधी आई होती, आता जेर. दोन्ही नावं तिला एकाच सुरात ऐकू आली.

“मग मी थांबू? तू म्हण, मी ऑर्लाला कळवतो.”

हे ऐकायला ती चार दिवसांपूर्वी घरून निघाली होती, हे तिला आत्ता कळलं. आणि ऐकल्यावर काय म्हणायचं तेही त्याच क्षणी कळलं, फार वाईट वाटून कळलं.

“नाही. मुलीला येतो म्हणालास ना? मग जा. वाट बघत बसणं काय असतं ते तू तिला शिकवू नकोस.”

खाली उतरताना गल्लीच्या पायऱ्यांवर त्याने तिचा हात धरला. पायऱ्या निसरड्या नव्हत्या. उंबऱ्यांवर बसलेल्या बायकांनी बघितलं. ब्रीडाने हात सोडवला नाही, स्थानकात गाडीच्या दारापर्यंत. गाडी हलली तेव्हा तो वाकून काहीतरी म्हणाला, पण काच बंद होती.

ऑक्टोबरात तो गेला. रविवारी चर्च सुटलं की फोन यायचा. जुळ्यांना दात येतायत म्हणायचा. इथे समुद्र उलट्या बाजूला आहे, म्हणायचा, सूर्य पाण्यातून वर येतो, मला तर सकाळी उठल्यावर संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. ब्रीडा ऐकायची. दिवस मावळताना ती घरामागच्या चढावर जायची, तिथून उपसागराचं तोंड दिसतं, आणि त्याच्या पलीकडे नुसतं पाणी. थंडी वाजायला लागली तरी पाय निघायचा नाही. जेर दारातून हाक मारायचा, “तिथून दिसतं का काही?”

“नाही.”

“मग आत ये. चहा निवतोय.”

जानेवारीत तिने आयलीनकडून पासपोर्टचा अर्ज घेतला.

“अगं बाई! कुठे स्वारी?”

“कुठे नाही. असावा घरात.”

“घरात असायला पासपोर्ट म्हणजे काय मीठ आहे?” आयलीन म्हणाली, पण अर्ज देताना तिने, एरवी मारायची तशी, आणखी चार बायकांना हाक मारली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी पासपोर्ट आला. लालसर, कोरा, आत तिचा आखूड केसांचा फोटो. ब्रीडाने तो कपाटात चांगल्या कपांच्या मागे ठेवला. रविवारी फिनबारला सांगितलं. लाइन तुटली असं वाटून तिने दोनदा हॅलो केलं.

“कधी?” तो शेवटी म्हणाला.

“आता मेंढ्या व्यायला लागल्यात. जेर एकटा आहे. कोकरं होऊ देत सगळी, मग बघू.”

फोन ठेवून ती वळली तर जेर चुलीपाशी बसला होता. मांडीवर पोत्यात गुंडाळलेलं ओलं कोकरू. दुधाची बाटली त्याच्या तोंडात द्यायची खटपट चालली होती. मान वर न करता तो म्हणाला, “कोकरं दर वर्षीच होतात, ब्रीडा.”

ती खाली बसली, कोकराचं तोंड दोन बोटांनी उघडून धरलं आणि जेरने बाटली आत घातली. जरा वेळाने ते प्यायला लागलं.

“तिकडे थंडी फार असते म्हणतात,” जेर म्हणाला. “माझा जाड स्वेटर ने.”